पुढच्या पन्नास वर्षांचं पाणी : मागणीच्या आधी येवा मोजूया

जलरेखा (धागाकर्ती)

पाण्याच्या नियोजनाचा विषय निघाला की चर्चा पहिल्या पाच मिनिटांत मागणीवर जाते. लोकसंख्या किती वाढणार, माणशी किती लिटर धरायचं, कारखान्यांना किती, शेतीला किती. गुणाकार सोपा असतो, आकडा मोठा येतो आणि तेवढं पाणी कुठून तरी आणायचं असं ठरतं. ज्या खोऱ्यातून ते आणायचं तिथे मुळात पाणी आहे किती, हा प्रश्न अहवालाच्या मागच्या पानांत एका ओळीत उरकलेला असतो : 'सरासरी वार्षिक येवा अमुक दलघमी'. माझ्या नोकरीतली बरीच वर्षं ती एक ओळ तपासण्यात गेली. त्यातून जे कळलं ते इथे मांडते. चुकलं तर सांगा, भर घाला.

शब्द नवे असतील त्यांच्यासाठी : येवा म्हणजे पाणलोटातून वाहत धरणाच्या जागी येऊन पोहोचणारं पाणी. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर.

आधी एक जुनी गोष्ट. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं वाटप १९२२ मध्ये सात राज्यांत झालं. वरच्या आणि खालच्या खोऱ्याला वर्षाला प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट, म्हणजे दोन्ही मिळून साधारण १८.५ अब्ज घनमीटर. पुढे १९४४ च्या करारात मेक्सिकोला आणखी १५ लाख एकर-फूट द्यायचं ठरलं. एवढं पाणी नदीत आहे, हे कशावरून धरलं? हाताशी असलेल्या जेमतेम दोन-तीन दशकांच्या मोजमापांवरून. ती दशकं नेमकी ओली निघाली. १९७६ मध्ये झाडांच्या वार्षिक वलयांवरून काही शतकांचा प्रवाह काढला गेला, तेव्हा दीर्घकालीन सरासरी १३५ लाख एकर-फुटांच्या आसपास आली. म्हणजे वाटलेलं पाणी असलेल्या पाण्यापेक्षा जास्त होतं. लारू नावाच्या सरकारी जलवैज्ञानिकाने त्याच काळात नदीत इतकं पाणी नाही असं लिहून ठेवलं होतं. त्याचं मानलं गेलं नाही. शंभर वर्षं झाली, ती सात राज्यं अजून त्या आकड्याशी झगडत आहेत. कागदावर हक्क दिला की तो परत घेणं किती अवघड असतं, ते यातून दिसतं.

आता सरासरीबद्दल. एका काल्पनिक धरणाचा पाच वर्षांचा येवा घ्या : १८०, ४०, ६०, १५०, ७० दलघमी. सरासरी बरोबर १००. आपल्याला दरवर्षी ९० हवेत. अहवाल म्हणेल, पाणी पुरून उरतं. प्रत्यक्षात पाचांपैकी तीन वर्षं ९० च्या खाली आहेत. दुसऱ्या वर्षी ५० कमी, तिसऱ्या वर्षी ३० कमी. म्हणजे पहिल्या वर्षाचं किमान ८० दलघमी साठवून ठेवायला जागा हवी, शिवाय बाष्पीभवनात जाईल ते वेगळं. आणि मृत साठा यात धरायचा नाही, कारण ते पाणी दरवाजाच्या पातळीखाली असतं, बाहेर येत नाही.

आता तेच पाच आकडे, फक्त क्रम बदला : १८०, ४०, ६०, ७०, १५०. सरासरी तीच. पण कोरडी वर्षं ओळीने आली, तूट ५० अधिक ३० अधिक २०, म्हणजे १०० झाली. ८० चं धरण आता अपुरं. एकूण येव्यात थेंबाचाही फरक नाही, नुसत्या क्रमाने धरण लहान ठरलं.

येवा आणि वापर यांची बेरीज मांडत जाऊन साठा ठरवायची ही पद्धत रिप्ल नावाच्या अभियंत्याने १८८३ मध्ये मांडली. आणि क्रमाचं महत्त्व जगाला पटवलं ते ब्रिटिश जलवैज्ञानिक हर्स्ट यांनी. ते नाईलवर काम करत होते. तिथे रोडा बेटावरच्या मोजस्तंभाच्या नोंदी इसवी सन ६२२ पासूनच्या आहेत. त्या आणि इतर अनेक लांब नोंदी चाळून त्यांनी १९५१ मध्ये दाखवलं की ओली वर्षं ओल्या वर्षांना आणि कोरडी कोरड्यांना धरून येतात, आणि नुसत्या योगायोगाने यावीत त्याहून जास्त. नाणेफेकीचं गणित लावून काढलेला साठा म्हणूनच तोकडा पडतो.

तेव्हा माझं म्हणणं असं. 'सरासरी किती' हा प्रश्न सोडून 'शंभरातल्या किती वर्षी खात्रीने किती' असं विचारावं. शंभरातली ७५ वर्षं जेवढं पाणी मिळेल तो ७५ टक्के विश्वासार्हतेचा येवा. शेतीला एखादं वर्ष कमी मिळालं तर हाल होतात, पण पिण्याच्या पाण्याला शंभरात पंचवीस वर्षं तूट चालतच नाही, तिथे विश्वासार्हता कितीतरी जास्त धरावी लागते. आणि हा आकडा काढायला लांब, सलग, प्रामाणिक नोंद लागते. ती नसेल तर पुढचं सगळं गणित अधांतरी.

---

उंबरठा

जलरेखाताई, फार छान मांडलंत. क्रम बदलण्याचं उदाहरण वाचून कागद घेऊन स्वतः करून पाहिलं. इतकी वर्षं धरणाची टक्केवारी बातम्यांत वाचतोय, पण 'किती टक्के भरलं' याच्या पलीकडे विचार केला नव्हता.

एक शंका. लांब नोंद हवी हे पटलं. पण बहुतेक लहान नद्यांवर ती नसतेच. मग तिथलं नियोजन कशावर करायचं?

---

जलरेखा

उंबरठा, हाच खरा अडसर आहे.

नदीची नोंद नसली तरी पावसाची बहुधा असते, आणि ती जुनी असते. पाऊस किती पडला, त्यातला जमिनीत किती मुरला, झाडांनी आणि उन्हाने किती उचलला, उरलेला नदीला किती आला, हे गणित थोड्या वर्षांच्या मोजलेल्या प्रवाहावर बसवायचं आणि मग जुन्या पावसावरून मागचा प्रवाह काढायचा. शेजारच्या खोऱ्यात लांब नोंद असेल तर तिचा आधार घेता येतो, पण खडक, उतार आणि झाडोरा सारखा असेल तरच. या सगळ्या पद्धतींना 'थोड्या वर्षांचा मोजलेला प्रवाह' मात्र लागतोच. म्हणून पहिलं काम म्हणजे आज मोजपट्टी रोवणं.

मोजणी कशी होते ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं की नदीवर एखादं यंत्र बसवलं की झालं. काठापासून काठापर्यंत दोर ताणायचा. दोरावर दर अर्ध्या मीटरला खूण. प्रत्येक खुणेपाशी पाण्यात उभं राहून खोली मोजायची, मग पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांश अंतरावर प्रवाहमापक धरायचा. त्याचं छोटं चक्र फिरतं, ठरावीक सेकंदांत फेऱ्या किती झाल्या ते मोजायचं, त्यावरून वेग. पाणी खोल असेल तर दोन दशांश आणि आठ दशांश अशा दोन जागी मोजून सरासरी घ्यायची. रुंदी गुणिले खोली गुणिले वेग, असे सगळे तुकडे मिळवले की त्या क्षणीचा विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी. हे पाणी कमी असताना, मध्यम असताना, भरपूर असताना पुन्हा पुन्हा करायचं, तेव्हा पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार होतो. त्यानंतर रोज नुसती मोजपट्टी वाचली तरी चालतं. पण मोठा पूर येऊन तळ खरवडला गेला किंवा गाळ बसला की तो आलेख जुना झाला, सगळं पुन्हा.

आता एक प्रसंग. एका योजनेची प्रवाहनोंद माझ्याकडे तपासायला आली होती. कोणाची, कुठली, ते सांगत नाही. एका पावसाळ्यात सलग अकरा दिवस पातळी सेंटिमीटरपर्यंत तीच. नदी अकरा दिवस एका जागी थांबत नाही. मागे जाऊन पाहिलं तर पट्टी वाहून गेली होती आणि जुना आकडा पुढे उतरवत ठेवला होता. त्याहून वाईट पुढे होतं. काही वर्षांचे महिनेच्या महिने रिकामे होते आणि ते भरताना इतर वर्षांची सरासरी घातली होती. भरणाऱ्याने तक्ता पूर्ण दिसावा म्हणून केलं असेल. पण पावसाच्या नोंदीशी ताडून पाहिलं तर रिकामे महिने बहुतेक दुष्काळी वर्षांतले होते. त्या एका दुरुस्तीने दुष्काळच पुसला गेला होता. विश्वासार्हतेचा आकडा त्यामुळे फुगला, आणि त्याच आकड्यावर नळजोडण्यांचं आश्वासन दिलं गेलं होतं. मला आजही ते पान आठवलं की वाईट वाटतं. रिकामी जागा रिकामीच ठेवा. ती दिसली तर पुढचा माणूस सावध तरी होईल.

---

खडकवेध

उत्तम धागा. भूजलाच्या बाजूने भर घालतो, कारण माझ्या मते प्रादेशिक ताळेबंदातली सगळ्यात मोठी चूक तिथे होते. ती चूक म्हणजे एकच पाणी दोनदा मोजणं.

पाऊस थांबून चार महिने झाले तरी नदी वाहते. ते पाणी कुठून येतं? जमिनीत मुरलेलं पाणी हळूहळू पाझरत नदीला मिळतं. म्हणजे नदीचा कोरड्या दिवसांतला प्रवाह हे भूजलच आहे, फक्त बाहेर पडलेलं. पण अहवालात 'नदीचा येवा' एका तक्त्यात आणि 'उपलब्ध भूजल' दुसऱ्या तक्त्यात, दोन्ही बहुधा वेगवेगळ्या कार्यालयांनी काढलेले, आणि शेवटी दोन्हींची बेरीज. भूजलाचा उपसा वाढवला की नदीचा उन्हाळी प्रवाह आटतो, आणि मग लोक म्हणतात पाऊस कमी झाला.

दुसरा गैरसमज त्याच्याच पोटातला : 'वर्षाला जेवढं पुनर्भरण, तेवढा उपसा सुरक्षित.' ऐकायला बरोबर वाटतं. पण थाइस या अमेरिकी जलवैज्ञानिकाने १९४० मध्येच स्पष्ट केलं होतं की विहिरीतून काढलेलं पाणी तीनच मार्गांनी येऊ शकतं. एक तर जलधरातला, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या भूगर्भातल्या थरातला, साठा कमी होतो, किंवा जमिनीत मुरणारं वाढतं, किंवा नैसर्गिकरीत्या बाहेर पडणारं कमी होतं. पुनर्भरण होणारं पाणी विहीर खोदण्याच्या आधीही कुठेतरी जातच होतं : नदीला, झऱ्याला, पाणथळीला, झाडांच्या मुळांना. सगळं पुनर्भरण उपसलं तर त्या सगळ्यांचं तोडून घेतलं. तेव्हा 'सुरक्षित उपसा किती' याचं उत्तर नुसत्या पुनर्भरणात नाही. नदी, झरे आणि खालच्या गावांच्या विहिरी यांच्यातलं किती तोडायला आपण तयार आहोत, त्यात आहे. तो निर्णय सगळ्यांसमोर व्हायला हवा, तक्त्यात लपता कामा नये.

आणि हे परिणाम सावकाश येतात. नदीपासून दूर असलेल्या विहिरी पहिली काही वर्षं साठ्यातलंच पाणी काढतात, नदीला काही होत नाही. त्यांची ओढ नदीपर्यंत पोहोचायला जलधराच्या प्रकारानुसार काही महिने लागतात, काही ठिकाणी दशकं. पंप बंद केले तरी नदी सावरायला पुन्हा तसाच वेळ जातो. पाच वर्षांच्या अभ्यासात हे दिसतच नाही.

कठीण खडकात आणखी एक अडचण. पाणी फक्त वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. या विहिरीला पाणी आहे म्हणून शंभर मीटरवरच्या विहिरीला असेलच असं नाही. तिथे दोन-चार निरीक्षण विहिरींवरून अख्ख्या खोऱ्याची पातळी सांगणं धाडसाचं आहे. उपग्रहाचा आधार काही जण घेतात. २००२ मध्ये सोडलेल्या 'ग्रेस' या उपग्रहांच्या जोडीने गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून भूजलाची घट दाखवली, ते काम मोठंच आहे. पण त्याची नजर काही लाख चौरस किलोमीटरची. एका तालुक्याएवढ्या उपखोऱ्यासाठी अजून विहिरीत टेप सोडण्याला पर्याय नाही.

---

दीपमाळ

+१. 'एकच पाणी दोनदा' हे वाचून डोळे उघडले. दोन कार्यालयं दोन तक्ते करतात इथेच गोम आहे.

---

भिरभिरा

सगळ्यांचं म्हणणं मान्य करून थोडा वेगळा सूर लावतो. मी पाणीपुरवठ्याच्या बांधकामात काम केलंय. तीस वर्षांची नोंद जमेपर्यंत थांबायचं म्हटलं तर तोवर लोकांनी प्यायचं काय? नोंद अपुरीच असणार, तरी निर्णय आजच घ्यावा लागतो. आणि हवामान बदलतंय, तेव्हा मागच्या शंभर वर्षांची नोंद असूनही पुढच्या पन्नासांना ती कितपत लागू पडेल? मग या मोजण्यावर एवढा भर कशासाठी? त्यापेक्षा पावसावर न अवलंबणारे स्रोत उभारा. समुद्राचं पाणी गोडं करा, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरा. नामिबियाची राजधानी विंडहूक १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पुरवठ्यात मिसळते आहे. तंत्र नवं नाही.

---

जलरेखा

भिरभिरा, तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. थांबा असं मी म्हणत नाही. मोजणं आणि बांधणं एकाच वेळी चालावं, आणि बांधणं टप्प्याटप्प्याने असावं, एवढंच.

हवामान बदलाबद्दल ऑस्ट्रेलियातल्या पर्थचं उदाहरण बघा. तिथल्या धरणांत १९११ ते १९७४ या काळात वर्षाला सरासरी ३३८ अब्ज लिटर येवा होता. १९७५ नंतर तो साधारण निम्म्यावर आला, आणि २००० नंतर आणखी घसरला. पाऊस किती कमी झाला होता? पंधरा टक्क्यांच्या आसपास. पंधरा टक्के पाऊस घटला आणि येवा निम्मा झाला, हे ऐकून पहिल्यांदा विश्वास बसत नाही. कारण खडकवेध यांनी सांगितलं तेच आहे. जमीन कोरडी पडली, भूजल नदीच्या तळापासून खाली गेलं, आता पडलेला पाऊस आधी ती तहान भागवतो आणि उरलं तर नदीला देतो.

पर्थमध्ये हे वेळेत कळलं, कारण नोंद सलग होती. 'ही दोन-चार वाईट वर्षं आहेत, जातील' असं न म्हणता त्यांनी १९७५ च्या आधीचा काळ गणितातून वगळून नवा पाया धरला. २००६ मध्ये क्विनाना इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला. म्हणजे तुम्ही म्हणता तो उपाय त्यांनी केलाच, पण मोजमापाने सांगितलं म्हणून.

त्याच देशात मेलबर्न. १९९७ पासूनच्या लांब दुष्काळात घायकुतीला येऊन २००७ मध्ये वर्षाला १५० अब्ज लिटरचा प्रकल्प ठरला. तो २०१२ च्या डिसेंबरात तयार झाला तोवर दुष्काळ सरला होता, धरणं भरली होती. पहिल्यांदा पाणी मागवलं गेलं २०१६ मध्ये, आलं २०१७ मध्ये. काही जण याला उधळपट्टी म्हणतात. मला तसं वाटत नाही, पुढच्या वर्षांत ते पाणी कामी आलं. पण एवढी मोठी उडी एकदम घ्यायला हवी होती का, लहान टप्पा बांधून जागा आणि जोडणी राखून ठेवता आली असती का, हा प्रश्न उरतोच. इंग्लंडमध्ये पाणी कंपन्यांना किमान पंचवीस वर्षांचा आराखडा कायद्याने करावा लागतो आणि तो दर पाच वर्षांनी नव्याने मांडावा लागतो. ही सवय मला फार मोलाची वाटते. पंचवीस वर्षांचा अंदाज चुकणारच, पण पाच वर्षांनी तो सुधारायचं बंधन असेल तर चूक लहान राहते.

आणि केपटाउन. २०१५, १६, १७ अशी तीन वर्षं ओळीने कोरडी गेली. शहराचं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी धरणांतून. सहा मोठी धरणं होती, पण ती सगळी एकाच हिवाळी पावसावर भरणारी. पाऊस रुसला की सहाही एकदम रिकामी. कागदावर सहा स्रोत, खरं पाहता एक. १ फेब्रुवारी २०१८ पासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली. लोकांनी ती पाळली म्हणून नळ बंद करायची वेळ आली नाही. प्रादेशिक अभ्यासात प्रत्येक स्रोताचा वेगळा आकडा तर हवाच, पण कोणते स्रोत एकत्र आटतात हेही बघायला हवं. भूजल, पुनर्वापर, समुद्र यांचं मोल तिथे आहे. ते वेगळ्या वेळी आटतात किंवा आटतच नाहीत.

---

भिरभिरा

पर्थचे आकडे माहीत नव्हते. टप्प्याटप्प्याने बांधायचं म्हणणं पूर्ण पटलं. एक मात्र सांगतो, कामाच्या जागी टप्पा लहान करायला कोणी तयार नसतं. एकदाच मोठं बांधून मोकळं व्हावं असं वाटतं, कारण पुन्हा मंजुरी मिळेल याची खात्री नसते. त्या भीतीनेच कितीतरी धरणं गरजेपेक्षा मोठी झाली आहेत. हे बदलायचं तर पुढच्या टप्प्याची अट आधीच लिहून ठेवायला हवी : साठा अमुक पातळीखाली गेला किंवा मागणी अमुक झाली की दुसरा टप्पा आपोआप सुरू.

---

दीपमाळ

मागणीवर कोणी बोललंच नाही, म्हणून दोन उदाहरणं.

बोस्टन. १९८० च्या दशकात तिथला वापर दिवसाला १२९ कोटी लिटरच्या घरात होता आणि स्रोतांची खात्रीची क्षमता ११४ कोटी लिटरची. पुढची मागणी वाढतीच धरली होती, म्हणून कनेटिकट नदीचं पाणी वळवून आणायची योजना होती. ती बाजूला ठेवून गळती शोधली, जुन्या वाहिन्या बदलल्या, कमी पाणी वापरणारे नळ बसवले. काही वर्षांतच वापर क्षमतेच्या खाली आला आणि पुढे उतरत उतरत ७६ कोटींच्या आसपास स्थिरावला. दुसरी नदी वळवावी लागलीच नाही.

दुसरं कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. १९९३ मध्ये तिथलं ७२ टक्के पाणी हिशेबातच येत नव्हतं, गळतीत किंवा चोरून जात होतं. पंधरा-सोळा वर्षांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या जवळ आणलं. प्रत्येक जोडणीला मीटर, प्रत्येक विभागाचं वेगळं मोजमाप, रात्री गळती शोधणारी पथकं.

म्हणजे मोजायला हवा तो येवा, तसाच वापरही. शंभर लिटर सोडले आणि साठच पोहोचले, तर मागणी शंभर धरायची की साठ? बहुतेक आराखडे शंभर धरतात आणि पुढची पन्नास वर्षं ती गळती लोकसंख्येबरोबर वाढवत नेतात.

---

खडकवेध

दीपमाळ, उत्तम उदाहरणं. एक सावधगिरी मात्र. वाचलेलं प्रत्येक पाणी नवं पाणी नसतं. शहराची गळती जर जमिनीत मुरून जवळच्या विहिरींना मिळत असेल, तर ती बंद केल्यावर त्या विहिरी उतरतात. शेतीत तर हे फार होतं. ठिबक आलं, शेतात कमी पाणी दिलं जाऊ लागलं, कागदावर बचत झाली. पण पूर्वी जे जास्तीचं पाणी खाली झिरपून पुढच्याला मिळत होतं ते थांबलं, आणि वाचलेल्या पाण्यावर त्याच शेतकऱ्याने क्षेत्र वाढवलं. खोऱ्याच्या पातळीवर पाणी उलट कमी झालं. किती दिलं यापेक्षा किती हवेत उडून गेलं आणि किती परत खोऱ्यात आलं, हे विचारावं. ठिबक करू नका असं मुळीच म्हणत नाही, वीज आणि खत दोन्ही वाचतं. फक्त बचतीचा आकडा ताळेबंदात लिहिण्याआधी परतीचं पाणी वजा करा.

---

आडवाट

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रकल्पासाठी एका लहान ओढ्याचं पाणलोट घेतलंय. हा धागा वाचून उत्साह आला आणि थोडी भीतीही वाटली. माझ्याकडे यंत्रं नाहीत, उपग्रहाचा डेटा हाताळता येत नाही. मी एकट्याने नेमकं काय मोजू, जे पुढे कोणाच्या उपयोगी पडेल?

---

खडकवेध

आडवाट, घाबरू नकोस. एक विहीर निवड आणि तिची पातळी दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मोज. एवढंच, पण खंड न पाडता.

पोलादी टेप घे. तिच्या खालच्या दोन मीटरला निळा खडू घास. विहिरीच्या कठड्यावर एक खूण कर, रंगाने, पुसली जाणार नाही अशी. दर वेळी तिथेच टेप धरायची. अंदाजाने टेप सोड, टोक पाण्यात बुडेल इतकी, आणि खुणेपाशी पूर्ण मीटरचा आकडा जुळव, म्हणजे वजाबाकी सोपी जाते. मग वर ओढ. जिथपर्यंत खडू भिजून गडद झाला असेल तो आकडा वाच. पहिल्यातून दुसरा वजा, ती खुणेपासून पाण्यापर्यंतची खोली. लगेच दुसऱ्यांदा मोज. दोन्ही आकडे सेंटिमीटरच्या आत जुळले तरच लिही.

---

जलरेखा

आणि ओढ्यात दोर ताणून मोजणं जमलं नाही तरी एका पक्क्या दगडाजवळ मोजपट्टी रोव, पातळी रोज वाच. पाऊस मोजायला साधा पर्जन्यमापक मोकळ्या जागी ठेव, झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला नको, आणि रोज एकाच वेळी वाच. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिही. वाचायचं राहिलं तर जागा मोकळी सोड. शून्य आणि मोकळी जागा यातला फरक वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेव.

---

आडवाट

कालपासून हेच करतोय. काल संध्याकाळी पहिली मोजणी घेतली : खुणेपाशी ९.०० मीटर, खडू १.५८ पर्यंत ओला, म्हणजे ७.४२. दुसऱ्यांदा घेतली तर ७.४१ आली. फार आनंद झाला. पण आज सकाळी सहज पुन्हा मोजलं तर ७.१६. रात्रीत पाऊस नाही, काही नाही. २५-२६ सेंटिमीटरचा फरक कुठून आला? माझं चुकलं का?

---

खडकवेध

चुकलं नाही. काल संध्याकाळी पंप चालू होता का, किंवा नुकताच बंद झाला होता का?

---

आडवाट

हो! विचारून आलो. दुपारी दोन ते पाच चालू होता. मी साडेपाचला मोजलं.

---

खडकवेध

मग दोन्ही आकडे खरे आहेत, दोन्ही ठेव. ७.४२ ही उपशानंतर खाली गेलेली पातळी, ७.१६ ही रात्रभरात विहीर भरून आल्यानंतरची. दर महिन्याची तुलना सकाळच्या, पंप सुरू होण्याआधीच्या आकड्यानेच करायची. पण विहीर रात्रीत २५-२६ सेंटिमीटर वर आली, यातून तिचा खडक पाणी किती वेगाने देतो ते कळतं, तेही पुढे लागेल. वहीत आणखी एक रकाना आख : पंप किती वाजता बंद झाला.

कठड्यावरची खूण जमिनीपासून किती उंच आहे? ते वजा केल्याशिवाय ही विहीर दुसऱ्या विहिरीशी ताडता येणार नाही.

---

आडवाट

८४ सेंटिमीटर. म्हणजे जमिनीखाली ६.३२ मीटर. लिहिलं. पंपाचा रकानाही आखला. कालच्या ओळीत पाच वाजता, आजच्या ओळीत अजून मोकळं ठेवलंय.